हस्तचित्रित परीकथापट

परीकथेवर आधारलेला, हाताने काढलेल्या चित्रांतून हलता केलेला चित्रपट. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. बहुधा एक चित्र दोन चौकटी टिकवतात. या हिशेबाने ८० मिनिटांच्या पटात एकच पात्र सतत दिसायचे तर ५७,६०० रेखाटने लागतात.

मुख्य चित्रकार हालचालीच्या टोकाच्या स्थिती काढतो, मधली चित्रे सहायक भरतात. उंबऱ्यात उभी मुलगी मागे वळून पाहते, एवढाच प्रसंग घ्या. मान सरळ रेषेत फिरवली तर ती लाकडी वाटते. म्हणून मधल्या चित्रांत हनुवटी किंचित खाली जाते, पापणी मिटते, मग नजर वर येते. वेणी दोन-तीन चित्रे उशिरा पोहोचते. पूर्वी ही रेषा सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पारदर्शक तावावर, उतरवून रंग मागच्या बाजूने भरत. त्यामुळे क्रम उलटा: बुबुळाचा काळा आधी, डोळ्याचा पांढरा नंतर. १९९०च्या दशकात रंगभरणी संगणकावर गेली; रेखाटन आजही हातानेच होते, कागदावर किंवा टॅबलेटवर.

परीकथापटाचा खरा जीव पार्श्वचित्रांत असतो. ‘आटपाट नगर होतं’ एवढे म्हणून कथा मोकळी होते. छपराचा उतार, मातीचा रंग, रानाची दाटी चित्रकारालाच ठरवावी लागते. बेळगावकडच्या सीमाभागातल्या चित्रकाराला त्यासाठी लांब जायला नको. खानापूरची कौलारू घरे, भीमगडचे रान, पावसाळ्यात गढूळ होऊन कोसळणारा गोकाकचा धबधबा हे सारे हाताशी आहे. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकार-शिक्षकाची परंपराही आहे. बोधचित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) त्यांचेच शिष्य.

जर्मनीत लोटे रायनिगर यांनी कागदी छायाकृती कापून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा परीकथापट केला. अमेरिकेत वॉल्ट डिस्नेंचा हिमगौरीचा पट १९३७ मध्ये आला. भारतात फिल्म्स डिव्हिजनने १९५७ मध्ये जातककथेवर ‘द बनियन डिअर’ हा लघुपट काढला.

चित्रांतून गोष्ट सांगणे मात्र या मुलखाला मुळीच नवे नाही. कर्नाटकातले किळ्ळेक्यात कलावंत तोगलु गोंबेयाट, म्हणजे चामडी बाहुल्यांचा छायाखेळ, कन्नडमधून करतात. घरी त्यांची बोली मराठीच्या कुळातली. त्यांच्या बाहुल्यांचे चामडे अर्धपारदर्शक असल्याने सावली रंगीत पडते. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेले की चित्रकथी भेटतात. ते एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा गातात. परीकथापटाच्या इतिहासात या दोन्ही कलांना मानाचे स्थान हवे.

मूळ चित्रे जपणे कष्टाचे आहे. जुन्या ॲसिटेट सेलला दमटपणा लागला की तो आकसतो, वेडावाकडा होतो आणि व्हिनेगरसारखा वास मारतो. जलरंगातली पार्श्वचित्रे थेट उजेडात फिकी पडतात. बेळगाव-खानापूरच्या पावसात अशी चित्रे आम्लविरहित कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवावीत. सेल चित्रांपासून वेगळे, हवेशीर ठेवावेत.