ठशाखालचं पोलाद

माझा भाचा इंग्लंडात असतो. मध्यंतरी त्याने जुन्या लष्करी सामानाच्या दुकानातून एक ब्रॅकेट घेतला आणि मला फोटो पाठवले. ‘‘मामा, दुसऱ्या महायुद्धातला आहे. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक-कंपनीने बनवलेला. सर्टिफिकेट पण दिलंय!’’ बंदूक नाही, काडतूस नाही. स्नायपरच्या रायफलीवर दुर्बीण धरून ठेवणारी नुसती दोन कड्यांची बैठक. किती पैसे मोजले ते त्याने सांगितलं नाही. आईला मात्र यातलं काही कळू देऊ नको म्हणाला.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर ते राशीच्या खड्याबरोबरही मिळतं. खडा पुष्कराज आहे एवढंच कागदावर लिहिलेलं असतं. गुरू प्रसन्न होईल, हे दुकानदार तोंडी सांगतो. इथेही कागदावर फक्त ‘मूळ, युद्धकालीन’ एवढंच होतं. हॉलंड अँड हॉलंड ही तोंडी पुरवणी.

ती पुरवणी चुकीची, पण चूक समजण्यासारखी. ब्रिटिशांची ‘नंबर 4 मार्क 1 (टी)’ ही रायफल, त्यातला टी टेलिस्कोपचा. निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडकडे जात आणि तिथे त्यांची स्नायपर रायफल होई. 1942पासून अशा वीस हजारांहून जास्त झाल्या. कारागीर रायफलीच्या डाव्या अंगाला पोलादाचे दोन टेकू स्क्रूने पक्के करत. त्यांवर दोन हातस्क्रूंनी ब्रॅकेट बसे आणि ब्रॅकेटमध्ये ‘नंबर 32’ दुर्बीण. ही दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती. म्हणजे हॉलंड अँड हॉलंडने ब्रॅकेट बसवला, घडवला नाही. तो दुसऱ्या कंत्राटदारांकडून येई.

तरी जोडणी हेच खरं नाजूक काम. समजा दोन टेकूंमध्ये 100 मिलिमीटर अंतर आहे आणि एक टेकू 0.1 मिलिमीटरने सरकला. 100 मीटरवर नेम 10 सेंटिमीटर हुकला, 400 मीटरवर 40. म्हणून प्रत्येक जोडी वेगळी जुळवत आणि मग ती जोडी मोडू नये म्हणून रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर आणि दुर्बिणीचा क्रमांक लाकडी दस्त्याच्या मानेवर ठोकत.

आता खुणा. भाच्याच्या तुकड्यावर एन हे इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे होते. ब्रिटनने युद्धकाळात कारखान्यांची नावं झाकली होती: एन म्हणजे उत्तर विभाग, एम मध्य, एस दक्षिण, आणि पुढचा आकडा सरकारी यादीतला. शत्रूच्या हाती माल पडला तरी बॉम्ब कुठे टाकायचा ते त्याला कळू नये, हा हेतू. हॉलंड अँड हॉलंडची खूण ‘एस 51’, म्हणजे दक्षिण. ती दस्त्याच्या खालच्या बाजूला असते. बीएसए या बंदूक-कंपनीच्या शर्ली कारखान्याची ‘एम 47 सी’. तेव्हा एनचा ब्रॅकेट लंडनला घडलेला नाही, हे त्या एका अक्षरावरूनच दिसत होतं. शेजारचा रुंद बाण म्हणजे फक्त सरकारी मालकी. आपल्या खडकीच्या कारखान्यातल्या जुन्या .303 काडतुसांच्या बुडावरही के आणि एफ यांच्यामध्ये हाच बाण आहे. मुकुटाखालचं अक्षर आणि आकडा ही तपासनीसाची खूण. मालक, तपासनीस, जोडणारा आणि घडवणारा अशा चौघांच्या खुणा एकाच रायफलीवर असतात आणि हौशी माणूस चौघांनाही घडवणारा समजतो.

जर्मनांचंही तसंच. ओबर्नडॉर्फचा माउझर हा रायफलींचा कारखाना आधी ‘एस/42’, मग ‘बीवायएफ’, 1945मध्ये ‘एसव्हीडब्ल्यू’. दुर्बिणीवर ‘बीएमजे’ दिसलं की ती वेट्झलारच्या हेन्झोल्टची; त्यावरून माउंटही (म्हणजे ब्रॅकेट) हेन्झोल्टचा म्हणता येत नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या रेडफील्डचा माउंट एम 1903 ए 4 रायफलीवर बसे. तो बसल्यावर खालची अक्षरं झाकली जात, म्हणून ही रायफल बनवणाऱ्या रेमिंग्टनने ती बाजूला सरकवून ठोकली. तेव्हा एखाद्या ए 4वर अक्षरं ऐन मधोमध, माउंटखाली असतील, तर ती साध्या रायफलीवरून बनवलेली नक्कल.

पण अक्षरं काय, कोणीही ठोकेल. मला गंमत वाटते ती अक्षरांच्या खाली काय होतं त्याची.

अक्षर ठोकायच्या पंचावर हातोडी पडली की पोलाद नाहीसं होत नाही, सरकतं. नांगराच्या तासाशेजारी वरंबा उठतो तशी अक्षराच्या दोन्ही कडांना बारीक उंची येते. दहापट भिंगातून ती दिसते. यंत्राने कोरलेल्या किंवा लेसरने जाळलेल्या अक्षराला असा ढकललेला वरंबा नसतो. कोरलेल्याच्या तळाशी फिरत्या पात्याच्या वर्तुळाकार रेघा सापडतात.

त्याहून खोल गेलं की अणू. पोलादातले अणू रांगांत बसलेले असतात, पण रांगा निर्दोष नसतात. मक्याच्या कणसावर दाण्यांची एखादी ओळ मध्येच संपते, तशी अणूंची ओळही कुठेतरी संपते. त्या दोषाला डिस्लोकेशन म्हणतात. नरम पोलादाच्या एका चौरस सेंटिमीटरमधून अशा सुमारे कोटभर दोषरेषा जातात. ठोकल्यावर त्या दहा हजार ते लाखपट होतात, एकमेकींत अडकतात आणि धातू कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम केलेलं, म्हणजे हातोडीने ठोकलेलं भांडं ताठ होतं, ते यामुळेच. प्रत्येक दोषरेषेभोवती थोडी ऊर्जा साठलेली असते, म्हणून ठोकलेला भाग रासायनिकदृष्ट्या जास्त चपळ होतो. आणि ही गडबड ठशाच्या तळाशी संपत नाही. खाली आणखी उतरते.

त्यामुळे कोणी कानशीने क्रमांक घासून काढला, तरी त्याचं भूत खाली राहतं. (भूत म्हणजे बिघडलेल्या रांगा. दुसरं कुठलं मी मानत नाही.) पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करून त्यावर तांब्याचं क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण फिरवतात. याला फ्रायचं द्रावण म्हणतात. ठोकलेल्या जागी विक्रिया वेगळ्या गतीने होते आणि गेलेले आकडे छटेच्या फरकाने वर येतात, कधी काही क्षणांपुरतेच, म्हणून कॅमेरा तयार ठेवतात. पोलिसांच्या प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांच्या चासीवर हेच करतात. घासणाऱ्याने फार खोल घासलं असेल, तर मात्र बिघडलेला थरच गेलेला असतो, किंवा जागा लाल तापवली असेल, तर रांगा पुन्हा सरळ लागलेल्या असतात, आणि काही मिळत नाही.

हल्ली एक्स-रे फ्लुरोसन्सच्या पिस्तुलासारख्या यंत्राचा फार बोलबाला आहे. दाबलं की धातूत कोणती मूलद्रव्यं आहेत त्याची कुंडली. पण या यंत्राला कार्बन दिसत नाही, आणि पोलादाचा स्वभाव तर कार्बनवर ठरतो.

भाच्याकडून जवळचे फोटो मागवले. एनच्या कडांना वरंबा होता, आणि त्यावर जुना काळा रंग आतपर्यंत उतरलेला. ठसा खरा. पण रायफलीच्या क्रमांकाच्या जागी आकडे स्वच्छ, तळ चकचकीत, आणि भोवतालचा भाग किंचित खोलगट. म्हणजे ब्रॅकेट अस्सल, क्रमांक मागाहूनचा. एखाद्या रायफलीला जोडीदार मिळवून द्यायला कोणीतरी जुना घासून नवा ठोकलेला.

‘‘मग आम्ल लावून बघू का?’’ त्याने विचारलं. मी नको म्हणालो. आधी ती जागा पॉलिश करायची म्हणजे पुन्हा घासायची, आणि आता तिथे दोन ठशांच्या रांगा एकमेकांत मिसळल्या आहेत. त्याने ब्रॅकेट फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलाय. सर्टिफिकेटही त्याच फडक्यात आहे.