मुदतीचा सौदा: १८६५ पासून आजपर्यंत

कोणता शेअर घ्यावा याचे सल्ले उदंड मिळतात. पैसा कोणाचा लावतोय आणि तो कोणत्या तारखेला मोजून द्यायचाय, हे विचारणारे थोडे. मुंबईच्या शेअर बाजारातली मोठी पडझड मात्र याच दोन गोष्टींपाशी येऊन थांबते, म्हणून ही पार्श्वभूमी.

१८५० च्या दशकात टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे, वडाखाली मूठभर दलाल जमत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेला पैसा नव्या बँकांत आणि समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्यांत शिरला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांपुढे गेला, तेव्हा ती जमीन अजून समुद्रातच होती.

या तेजीचे म्होरके होते प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचा शब्द चाले, आणि १८६३ च्या कायद्यानंतर शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची मोकळीक या बँकेला मिळाली होती. लोक शेअर गहाण टाकत, त्या कर्जातून आणखी शेअर घेत. भाव चढला की तारणाची किंमत चढे आणि नवं कर्ज मिळे. त्यावर मुदतीचे सौदे. भाव आज ठरवायचा, देवघेव मात्र १ जुलै १८६५ ला.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेकडच्या बंडखोर फौजेचे जनरल ली शरण आले. युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोचली तसा कापूस कोसळला, आणि १ जुलै उजाडला तेव्हा ज्याला त्याला विकायचंच होतं. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांवर गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली. (प्रेमचंदांनी तेजीच्या दिवसांत आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर अजून फोर्टमध्ये आहे. त्याच्याकडे बघताना मला नेहमी हा जुलै आठवतो.) युद्ध कधीतरी संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कर्ज काढून मुदतीत अडकलेल्याला चूक कळल्यावरही सावरायला वेळ उरला नव्हता.

१८७५ मध्ये दलालांनी आपली संघटना बांधली. तीच आजची बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार. बाजाराला शिस्त आली, तरी मुदतीची ओढ गेली नाही. ती ‘बदला’ म्हणून टिकली. सेटलमेंटच्या, म्हणजे हिशेब चुकवायच्या दिवशी पैसे नसतील तर व्याजासारखा बदला भरायचा आणि सौदा पुढच्या सेटलमेंटवर ढकलायचा. हरलेला सौदा मान्य करण्याऐवजी लांबवण्याची ही सोय होती, आणि माझ्या मते तिने पिढ्यान्‌पिढ्या लोकांना तोटा कापायची सवयच लागू दिली नाही. १९९२ च्या घोटाळ्यात तर बँकांचाच पैसा बाजारात वळवलेला होता. त्याच वर्षी सेबीला, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाला, कायद्याचं बळ मिळालं.

जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शेअरांचे फ्युचर्स, म्हणजे बाजाराच्या नियमांत बसवलेले मुदतीचे सौदे, सुरू झाले. रोखीच्या सौद्यांची पूर्तता आता सौद्यानंतरच्या पहिल्याच कामकाजाच्या दिवशी होते, डीमॅटमुळे, म्हणजे शेअर कागदाऐवजी खात्यात नोंदले जाऊ लागल्यामुळे, बनावट शेअरची भीतीही गेली. पण थोडं मार्जिन, म्हणजे अनामत, भरून मोठा सौदा करणं आणि ठरल्या तारखेला हिशेब चुकवणं, हा १८६५ चा सांगाडा फ्युचर्समध्ये आणि ऑप्शन्समध्ये (ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत) शाबूत आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त.

हे आकडे आल्यावर नोव्हेंबर २०२४ पासून निर्देशांकांवरच्या (सेन्सेक्स, निफ्टीसारख्या) फ्युचर्स-ऑप्शन्सच्या नव्या करारांची किमान रक्कम ५ लाखांवरून १५ लाख रुपये झाली, आणि आठवड्याच्या मुदतीचे करार प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकावर ठेवता येतील असं ठरलं.