शीतसह सेडम

क्रॅसुलेसी कुलातील, म्हणजे आपल्याकडील पानफुटीच्या कुलातील, मांसल पानांच्या बहुवर्षायू ओषधींचा एक गट. यूरोप, कॉकेशस, सायबीरिया, चीन, कोरिया व जपान येथील खडकाळ उतार, चुनखडीचे कडे आणि जुन्या दगडी भिंती हे यांतील बहुतेकांचे मूळ ठिकाण आहे. हिवाळ्यात जमीन गोठते अशा प्रदेशांत त्या बारमाही उघड्यावर वाढवता येतात. या नोंदीत केवळ अशाच जातींचा व त्यांपासून निघालेल्या बागेतील वाणांचा विचार केला आहे. मेक्सिकोतही सेडमाच्या पुष्कळ जाती आहेत, परंतु त्यांपैकी अनेकींना गोठवणारी थंडी सोसत नाही.

फुले बहुधा पाच पाकळ्यांची व ताऱ्यासारखी, केसरदले सामान्यतः पाकळ्यांच्या दुप्पट, किंजदले पाच आणि फळ पेटिका प्रकारचे (एका शिवणीवर उकलणारे) असते. बी अतिशय बारीक असते. पिवळा व पांढरा हे रंग अधिक आढळतात. उंच जातींत गुलाबी ते तांबूस छटा दिसतात.

वर्गीकरण : लिनीअस यांनी १७५३ मध्ये सेडम ही प्रजाती (जीनस, म्हणजे निकटच्या जातींचा गट) मांडली, तेव्हापासून तिच्या सीमांविषयी एकमत झालेले नाही. रॉबर्ट लॉइड प्रेगर या आयरिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये लागवडीतील सेडमांचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. त्यांनी उंच, चपट्या पानांच्या जाती आणि भिंतीवर पसरणाऱ्या जाती एकाच प्रजातीत ठेवल्या होत्या व बागकामाच्या व्यवहारात ही मांडणी दीर्घकाळ टिकली. १९७७ मध्ये जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ हिदेआकी ओहबा यांनी उंच जातींना हायलोटेलेफियम या स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. कॉकेशस व पूर्व आशियातील रुंद, दंतुर पानांच्या जाती आता फेडिमस प्रजातीत आणि यूरोपातील सुईसारख्या पानांच्या जाती पेट्रोसेडम प्रजातीत घातल्या जातात. ऱ्होडिओला तर लिनीअस यांनीच वेगळी धरली होती. पुढे ती सेडमात गेली व पुन्हा बाहेर आली. पुढील काळात हरितलवकातील डीएनएच्या अभ्यासाने हे गट परस्परांपासून बरेच दूर असल्याचे दाखवले. शिवाय उरलेले सेडमही एकसंध नाही आणि एचेव्हेरिया, ग्रॅप्टोपेटालम यांसारख्या मेक्सिकन प्रजाती त्याच्याच शाखांमधून निघतात, असे दिसून आले. म्हणून एका बाजूला सेडमाचे आणखी तुकडे करावेत असे मत आहे, तर २०२० मध्ये मांडलेल्या एका प्रस्तावात या मेक्सिकन प्रजातीही सेडमात सामावून घ्याव्यात असे सुचवले आहे.

हायलोटेलेफियम, फेडिमस व पेट्रोसेडम वेगळे धरणे मात्र या दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगे आहे आणि बागेच्या दृष्टीनेही ते अधिक सोयीचे वाटते, कारण या प्रजातींची हिवाळा काढण्याची रीत बरीचशी वेगवेगळी आहे. हायलोटेलेफियमची खोडे दर शरदात मरतात आणि मातीच्या पातळीवर, जाड मुळांच्या माथ्याशी, पुढील वर्षाच्या कळ्या राहतात. फेडिमस कॅम्चॅटिकसची पाने गळून जाड मूलक्षोडावरील (जमिनीतील आडव्या खोडावरील) फुटवे तेवढे उरतात, तर फेडिमस स्प्युरियसच्या सरपटणाऱ्या फांद्यांच्या टोकांशी लालसर पानांचे लहान झुबके टिकून राहतात. पेट्रोसेडम तसेच खऱ्या सेडमातील सेडम आक्रे व सेडम आल्बम या जाती सदाहरित असून थंडीत त्यांचा रंग तेवढा पालटतो. पेट्रोसेडम रुपेस्त्रेचा ‘अँजेलिना’ हा पिवळा वाण हिवाळ्यात नारिंगी होतो. रोपवाटिकांच्या चिठ्ठ्यांवर मात्र अजूनही बहुधा जुनेच नाव असते.

शीतसहत्व : पाण्याने भरलेले पान गोठणबिंदूखाली फुटत कसे नाही, हा प्रश्न साहजिक आहे. दिवस लहान व रात्री थंड होऊ लागल्या की सदाहरित जातींच्या पानांतील पाण्याचे प्रमाण घटते आणि शर्करेसारख्या विद्राव्य पदार्थांचे वाढते. बर्फ प्रथम पेशींबाहेरील पोकळ्यांत तयार होतो व पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते; त्यामुळे कडाक्याच्या थंडीत पाने सुरकुतलेली दिसतात आणि हवा उबदार झाल्यावर पुन्हा भरतात. ही तयारी सावकाश होत असल्याने शरदाच्या आरंभी अचानक आलेली थंडी भर हिवाळ्यातील अधिक तीव्र थंडीपेक्षा घातक ठरू शकते.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शीतसहत्व विभागांनुसार हायलोटेलेफियम स्पेक्टाबिले व फेडिमस कॅम्चॅटिकस या जाती सामान्यतः तिसऱ्या किंवा चौथ्या विभागापर्यंत तग धरतात असे मानतात. तिसऱ्या विभागात वर्षातील नीचतम तापमानाची सरासरी –४०° ते –३४° से. असते. हे विभाग केवळ तापमानावर आखलेले असल्याने त्यांवर फार विसंबू नये. कोरड्या बर्फाच्या थराखाली जी वनस्पती सुखरूप राहते तीच ब्रिटनसारख्या सौम्य पण ओल्या हिवाळ्यात कुजते. थंडीने मेलेली म्हणून सांगितली जाणारी पुष्कळ झाडे वस्तुतः साचलेल्या पाण्याने मेलेली असतात.

याच कुलाच्या शरीरक्रियेचे एक जुने निरीक्षण भारतात झाले आहे. मद्रास इलाख्यात काम करणारे बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव लागते असे नोंदवले. त्यांचे पत्र लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १८१५ मध्ये छापले गेले. रात्री रंध्रे उघडून घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड मॅलिक अम्लाच्या रूपात साठवायचा व दिवसा रंध्रे मिटून वापरायचा, अशी ही प्रक्रिया असून तिला या कुलाचेच नाव मिळाले आहे. सेडम आक्रे व हायलोटेलेफियम टेलेफियम या जाती पाणी असताना सर्वसाधारण प्रकाशसंश्लेषण करतात आणि टंचाईत या मार्गाकडे वळतात.

लागवड : जागा उन्हाची व निचऱ्याची हवी. चिकण जमिनीत भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळून वाफा उंच करतात आणि झाडाच्या बुंध्याभोवती खडीचा थर देतात. नायट्रोजनयुक्त खत टाळावे. सुपीक मातीत उंच जातींची खोडे लुसलुशीत होऊन फुलांच्या भाराने मधोमध फाकतात. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये मेअखेर, चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाच्या सुमारास, खोडे निम्म्यापर्यंत छाटण्याची पद्धत आहे. वाळलेले फुलोरे हिवाळाभर ठेवून वसंतारंभी काढणे बरे. पसरणाऱ्या जातींचे तुकडे मातीवर टाकले तरी रुजतात. उंच जातींचे गड्डे वसंतात विभागतात किंवा उन्हाळ्याच्या प्रारंभी खोडांची छाटकलमे लावतात. नव्या रोपांना मुळे धरण्यास जमीन गोठण्यापूर्वी काही आठवडे मिळाले पाहिजेत, अन्यथा गोठण्या-वितळण्याच्या आवर्तनांत ती मातीबाहेर उचलली जातात. अमेरिकेच्या पूर्व भागातील सेडम टर्नाटम ही सावली व ओल सोसणारी जाती ऊन व निचऱ्याच्या नियमाला अपवाद आहे. कुंड्यांत ‘व्हाइन वीव्हिल’ या सोंड्या भुंग्याच्या अळ्या मुळे खातात.

वाण : सर्वांत प्रसिद्ध वाण ‘हेर्ब्स्टफ्रॉइड’ हा असून इंग्रजी देशांत तो ‘ऑटम जॉय’ या नावाने विकला जातो. जर्मनीतील व्हुपर्टाल परिसरातील गेओर्ग आरेंड्स यांच्या रोपवाटिकेतून तो आला. त्याचे वर्ष बहुधा १९५५ दिले जाते. परंतु आरेंड्स १९५२ मध्ये वारले असल्यामुळे ते वर्ष संकराचे नसून विक्रीस आणल्याचे समजणे अधिक सयुक्तिक ठरेल. स्पेक्टाबिले व टेलेफियम या जाती त्याचे जनक मानतात. त्यांची नावे याद्यांत दोन्ही क्रमांनी लिहिलेली आढळतात. त्याची अभिवृद्धी कलमे व विभाजन यांनीच करतात.

इतर उपयोग : उथळ मातीत तगून राहत असल्यामुळे छतांवरील लागवडीत या वनस्पतींना मोठे महत्त्व आहे. ही पद्धत प्रामुख्याने जर्मनीत विकसित झाली. मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीच्या ट्रक कारखान्याच्या सुमारे ४ हेक्टर छतावर सेडम लावलेले आहे. यूरोपातील अपोलो फुलपाखराच्या अळ्या सेडम आल्बम व हायलोटेलेफियम टेलेफियम यांवर पोसतात. पेट्रोसेडम रुपेस्त्रेचे कोवळे शेंडे कोशिंबिरीत घालतात. सेडम आक्रे मात्र तिखटजाळ असून त्यात अल्कलॉइडे असतात.

भारतातील निकट आप्तांपैकी लडाखमध्ये ‘सोलो’ म्हणून ओळखली जाणारी ऱ्होडिओला विशेष उल्लेखनीय असून तिचा कोवळा पाला तेथे भाजीसारखा खातात. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत सेडम या नावाने मिळणाऱ्या वनस्पतींपैकी टांगत्या कुंड्यांतील लोंबती सेडम मॉर्गॅनिएनम ही मेक्सिकन असून शीतसह नाही. येथे तिला थंडीपासून जपावे लागत नाही, पावसाळ्यात मात्र कुंडी आडोशाला घ्यावी लागते.