वैद्यकीय प्रतिमानिदानातील कृत्रिम बुद्धिमत्ता

क्ष-किरणचित्र, सीटी, एमआरआय, दृष्टिपटलाचे छायाचित्र इ. प्रतिमांतील विकृती संगणकाकरवी शोधण्याची, मोजण्याची वा वर्गीकृत करण्याची पद्धती.

तिचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञ ग्विलिम लॉडविक यांनी १९६३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची क्ष-किरणचित्रातील लक्षणे अंकांत मांडण्याची रीत सुचवली. पुष्कळ लेखक तेथूनच सुरुवात करतात. मात्र त्या रीतीत चित्र पाही तो डॉक्टरच. संगणकाकडे जात ते त्याने टिपलेले आकडे. यंत्राला प्रतिमाच वाचायला देण्याचे काम, उदा. विन्सबर्ग व सहकाऱ्यांचे स्तनचित्रांवरील (स्तनांच्या क्ष-किरणचित्रांवरील; १९६७), जरा नंतरचे. १९८० च्या दशकात शिकागो विद्यापीठात कुनिओ दोई यांच्या गटाने उद्दिष्टच बदलले : यंत्राने संशयास्पद जागा दाखवावी, निर्णय डॉक्टरने घ्यावा. पुढची वाढ या विचारातून झाली असल्याने सलग परंपरा येथून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क (चित्रांतील नमुने उदाहरणांवरून स्वतःच शिकणारे संगणकीय जाळे) हे तंत्र २०१२ नंतर या क्षेत्रात आले, हा समजही दुरुस्त करायला हवा. स्तनातील कॅल्शियमचे सूक्ष्म कण व फुप्फुसातील गाठी शोधण्यासाठी ते १९९० च्या दशकाच्या मध्यासच वापरले गेले होते. २०१२ नंतर वाढली ती मुख्यतः चित्रांची संख्या आणि गणनशक्ती.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ मध्ये स्तनचित्रांसाठीच्या पहिल्या प्रणालीला मान्यता दिली. तथापि ४३ केंद्रांच्या २००७ मधील अभ्यासात अशी प्रणाली वापरणाऱ्या केंद्रांत बायोप्सींचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढलेले दिसले. कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

प्रणाली शिकते ती चित्राला लावलेल्या निदानावरून, आणि खरी मेख तेथेच आहे. २०१७ मध्ये खुल्या झालेल्या छातीच्या १,१२,१२० क्ष-किरणचित्रांच्या संचातील निदाने अहवालांच्या मजकुरातून संगणकानेच वेचलेली होती. त्यातील वातवक्षाच्या (फुप्फुस व छातीची भिंत यांच्यामध्ये हवा साचण्याच्या विकाराच्या) बहुसंख्य चित्रांत हवा काढण्यासाठी घातलेली नळी दिसते. म्हणजे रुग्णावर उपचार आधीच सुरू झालेले. प्रणाली फुप्फुसाची विरळ कड शोधण्याऐवजी नळी ओळखायला शिकते. नळी अजून घातलेलीच नाही असा रुग्ण, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तोच तिच्या नजरेतून निसटण्याची शक्यता वाढते. एकूण अचूकतेच्या एकाच आकड्यात हा दोष दिसत नाही, म्हणून असे उपगट वेगळे काढून तपासणे अत्यावश्यक आहे.

मधुमेही दृष्टिपटलविकारासाठी डॉक्टरांच्या वाचनाविना निष्कर्ष देणाऱ्या प्रणालीला अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली. स्वीडनमधील सुमारे ८०,००० स्त्रियांच्या स्तनचित्रांवरील चाचणीत (२०२३) अशा प्रणालीच्या मदतीने डॉक्टरांचा वाचनाचा भार ४४ टक्क्यांनी उतरला व कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही.

क्षयरोगाच्या चाळणीसाठी १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींत छातीच्या क्ष-किरणचित्रांच्या संगणकीय वाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. प्रणाली प्रत्येक चित्राला गुण देते. किती गुणांपुढे थुंकीची तपासणी करायची ही सीमा मात्र वापरणाऱ्याने त्या-त्या लोकसमूहासाठी ठरवायची असते. सीमा खाली आणली की कमी रुग्ण सुटतात, पण विनाकारण तपासणीला जाणारे निरोगी लोक वाढतात.