व्हिनाइल कटर घेताय? आधी 'गुऱ्हाळगृह' कापून बघा

आमच्याकडे व्हिनाइल कटर, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या रोलमधून अक्षरे कापणारे यंत्र, बघायला येणारे बहुतेक जण दारातूनच विचारतात, "दोन फुटी केवढ्याला?" भाव आम्ही सांगतोच, पण त्याआधी उलटा प्रश्न करतो: त्यावर कापणार काय? मग चहा येतो आणि अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासातले बोलणेच या पत्रकात लिहून काढले आहे. भाव मुद्दाम छापलेले नाहीत. यंत्रे बाहेरून येतात, डॉलर हलला की भावही हलतो.

कामाचा हिशेब आधी

रेडियमच्या दुकानाचा गल्ला कित्येक वर्षे नंबर प्लेटवर चालला. ते दिवस सरले. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी हाय सिक्युरिटी प्लेट घेऊनच बाहेर पडते, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. तिच्यावरचे आकडे पत्र्यात दाबून उठवलेले असतात, तिथे कटरला काम नाही. तेव्हा फक्त नंबर प्लेटच्या भरवशावर कर्ज काढणार असाल तर आम्हीच तुम्हाला परत पाठवू.

मराठी पाट्यांचे काम मात्र वाढले आहे. २०२२ च्या कायदा दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान ठेवून चालत नाही. मोठा दर्शनी बोर्ड बहुधा फ्लेक्सवाल्याकडे जातो. पण काचेच्या दारावरचे नाव, डॉक्टरांच्या वेळा, केबिनची फ्रॉस्टेड फिल्म, टेंपोच्या दोन्ही बाजू, शाळेच्या खोल्यांचे क्रमांक ही कामे कटरचीच. ऊसपट्ट्यात असाल तर गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टिव्ह (उजेडात चमकणारे व्हिनाइल) लावायची झुंबड उडते, तीही धरा.

आमची परीक्षा

पाटी मराठी असेल तर यंत्राची परीक्षाही मराठी अक्षरावरच व्हायला हवी. प्रदर्शनात मात्र इंग्रजी कॅपिटल अक्षरे नाहीतर एखादे फुलपाखरू कापून दाखवतात. तसले काम कुठलेही यंत्र करते.

आम्ही दोन शब्द अर्धा इंच उंचीत कापायला सांगतो: 'गुऱ्हाळगृह' आणि 'अंडी सेंटर'. पहिल्यात ऱ्ह चा बारीक वळसा आहे, ळ ची दोन पोटे आहेत, उकार आहे, ऋकारही आहे. दुसऱ्यात दोन अनुस्वार आहेत. या मापात अनुस्वाराचा ठिपका जेमतेम दोन मिलिमीटरचा भरतो, आणि खरी गंमत तिथेच होते.

कटरचे ब्लेड ऑफिसच्या खुर्चीच्या चाकासारखे मागून ओढले जाते. त्याचे टोक ब्लेड धरणाऱ्या होल्डरच्या मध्यापासून किंचित बाजूला असते, साधारण ०.२५ मिमी. यालाच ऑफसेट म्हणतात. यंत्रात भरलेला आकडा आणि हातातले ब्लेड जुळले नाही, किंवा होल्डरचे बेअरिंग अडकत असले, तर ठिपका गोल बंद होत नाही, स्वल्पविरामासारखा शेपटी काढून बसतो. मग जादा व्हिनाइल सोलताना तो ठिपका त्याच्याबरोबर निघून येतो आणि पाटीवर राहते 'अडी सेटर'. ऑफसेट बदलून सुधारले तर यंत्र ठीक. आकडा हलवूनही शेपटी जात नसेल तर होल्डर बदलून बघा. तरीही तेच, तर ते यंत्र राहू द्या.

फाइलची चूक मात्र यंत्राच्या माथी मारू नका. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये काना, मात्रा, वेलांटी सुटे तुकडे असतात आणि शिरोरेषेवर एकमेकांवर चढतात. पडद्यावर सगळे एकसंध दिसते, ब्लेड मात्र प्रत्येक सांधा कापते. कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्ह (नुसत्या रेषा) करून शब्द वेल्ड करा, म्हणजे तुकडे एकसंध जोडा, मग वायरफ्रेममध्ये (फक्त बाह्यरेषा दिसतात त्या दृश्यात) एकदा बघा. आत एकही आडवी-उभी रेघ राहता कामा नये. नीट वेल्ड केलेला मराठी शब्द शिरोरेषेला धरून अख्खा उभा राहतो, सोलायला इंग्रजीपेक्षा सोपा जातो. सुटे राहतात ते अनुस्वार, त्यांना चिमटा आणि धीर लागतो.

रुंदी आणि सरळपणा

छोट्या दुकानाला दोन फुटी, म्हणजे २४ इंची यंत्र पुरते. चार फुटी घेण्याचा मोह होतो, पण ते जागा खाते आणि त्याचे पैसे वसूल व्हायला रोज मोठे काम लागते. दोन फुटांपेक्षा उंच अक्षर वर्षातून चार वेळा आले तर दोन पट्ट्यांत कापून सांध्यावर थोडे चढवून लावा. बारा इंची टेबलावरची यंत्रे कॉफीमग आणि टी-शर्टसाठी छान, टेंपोसाठी नव्हेत. यंत्राच्या नावात ७२० असेल तर तो बहुधा कागदाच्या रुंदीचा आकडा असतो, कापण्याची रुंदी त्याहून कमी. ती वेगळी विचारा.

लांब पट्ट्यात यंत्र तिरके जाते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आमचे स्वतःचे पहिले यंत्र तिरके जायचे. टेंपोची चार मीटरची पट्टी शेवटाला बोटभर खाली सरकली, आणि गिऱ्हाईक शेजारीच उभे होते. बघायची रीत सोपी आहे. ब्लेडच्या जागी पेन लावा, साधा कागद चढवा, तीन मीटर लांबीचा चौकोन दोनदा काढायला सांगा. दुसरी रेघ पहिलीवरच पडली पाहिजे. रेघ फुटली तर आधी रोलर दोन्हीकडे सारखे दाबलेत का ते पाहा. रोलवरून माल ओढत कापू नका, लागेल तेवढा आधी सोडून घ्या. सर्व्हो मोटरचे यंत्र लांब कामात स्टेपर मोटरच्या यंत्रापेक्षा बरे आणि आवाजही कमी, पण महाग. एका साध्या फुटभर पाटीला दोन्ही सारखीच.

दाब, ब्लेड, वेग

वेगाच्या छापील आकड्याकडे फारसे बघू नका. बारीक अक्षर त्या वेगाने कोणी कापत नाही, आणि खरा वेळ सोलण्यात जातो. दाब साध्या व्हिनाइलला १०० ग्रॅमच्या आसपास पुरतो, जाड रिफ्लेक्टिव्हला जास्त लागतो. ४५ अंशाचे ब्लेड रोजच्या कामाला, ६० अंशाचे जाड मालाला. रिफ्लेक्टिव्हसाठी ब्लेड वेगळे ठेवा, तो माल धार लवकर मारतो. मागच्या कागदावर फक्त ओरखडा दिसला की दाब बरोबर. कागद चिरला तर दाब जास्त किंवा ब्लेड फार बाहेर.

काही सरळ उत्तरे

छापील स्टिकर आकाराभोवती कापायचे असतील तर खुणा वाचणारा सेन्सर हवा. छपाई बाहेरून करून घेणार असाल तर छापणाऱ्याला त्या खुणा टाकायला सांगा आणि प्रिंट नीट वाळू द्या. असे काम नसेल तर सेन्सरचे पैसे वाचवा.

ॲक्रिलिक, सनबोर्ड, एसीपी असले जाड, कडक बोर्ड या यंत्रावर कापत नाही. आणि उलट, "लेझर आहेच, त्यावरच व्हिनाइल कापू" हेही कोणी करू नये. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो छातीला घातक आणि यंत्र गंजवतो ते वेगळे.

काम मध्येच थांबते, यूएसबी सुटते, ही तक्रार आमच्याकडे वारंवार येते. दरवेळी यंत्राचा दोष नसतो. सुटणाऱ्या व्हिनाइलवर स्थिर वीज साठते, अर्थिंग नसेल तर ती केबलमधून वाट काढते. यंत्र यायच्या आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि यूएसबी केबल आखूड ठेवा.

पावसाळ्यात रोल जमिनीवर टाकू नका. मागचा कागद ओल धरतो, माल लाटा मारतो, आणि मग दोष पुन्हा कटरचाच ठरतो.

कुठल्याही दुकानातून घ्या, पण हे तिथेच विचारा: ब्लेड, होल्डर आणि कापण्याखालची पांढरी पट्टी इथे तयार मिळते का, आणि बिघडल्यावर माणूस येतो की यंत्र कुरिअर करायचे? स्वस्त यंत्र घेऊन त्याच्या मुख्य सर्किट बोर्डासाठी दोन महिने वाट बघणारी दोन-तीन दुकाने आमच्या माहितीत आहेत.

बघायला याल तेव्हा पेनड्राइव्हमध्ये तुमच्याच एखाद्या खऱ्या पाटीची फाइल आणा, आणि वापरता त्या व्हिनाइलचा हातभर तुकडा. कापू आम्ही, सोलायचे तुम्ही.