क्लोरप्रोमाझिनचे स्पेक्ट्रोफोटोमीटरने मापन

स्किझोफ्रेनियावरचे हे जुने औषध 1950 साली फ्रान्समध्ये तयार झाले आणि 1952 पासून मनोरुग्णांना दिले जाऊ लागले. आम्लातले त्याचे द्रावण 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश भरपूर शोषते. मापनाची रीत त्यावरच उभी आहे: द्रावणाने किती प्रकाश शोषला ते स्पेक्ट्रोफोटोमीटर मोजतो.

वीस गोळ्यांचे वजन करून त्या खलात बारीक कराव्यात. भुकटीने त्वचेवर पुरळ उठू शकते, म्हणून हातमोजे हवेतच. 50 मिग्रॅ औषध असेल इतकी भुकटी 500 मिलीच्या फ्लास्कमध्ये 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घालून पंधरा मिनिटे हलवावी, खुणेपर्यंत आम्ल भरून गाळावे. गाळणकागद थोडे औषध धरून ठेवतो, त्यामुळे पहिले 15 मिली टाकून द्यावेत. नंतर गाळून आलेल्या द्रावणातले 5 मिली त्याच आम्लाने 100 मिली करावेत. क्युव्हेट (मोजायचे द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) क्वार्ट्झचीच घ्यावी. साधी काच हा प्रकाश अडवते. 1 टक्का द्रावणाचे 1 सेंमी जाडीतले शोषण 915 धरतात, म्हणून औषध पुरेपूर असेल तर वाचन 0.457 च्या आसपास येते. गाळलेले द्रावण जरा जरी गढूळ राहिले तरी वाचन फुगते.

सोलापुरात खरा त्रास उन्हाचा. खिडकीपाशी ठेवलेल्या द्रावणाला गुलाबी छटा येऊ लागली की औषधाचे ऑक्सिडेशन सुरू झाले असे समजावे. ते द्रावण मोजू नये. फ्लास्क तपकिरी काचेचे वापरावेत किंवा त्यांना फॉइल गुंडाळावे. मे महिन्यात 40 अंशांच्या खोलीत खुणेपर्यंत भरलेले द्रावण एसीच्या खोलीत 25 अंशांवर मोजले, तर ते आकसून सुमारे अर्धा टक्का दाट भरते. भरणे आणि मोजणे एकाच खोलीत करावे.

लघवीत मूळ औषध नाममात्रच उतरते, बाकी त्याची रूपांतरे. 10 मिली लघवी सोडियम हायड्रॉक्साइडने अल्कली करून हेप्टेन या पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात औषध ओढतात, मग ते 0.1 मोलर आम्लात परत घेतात. हेप्टेनमध्ये 1.5 टक्के आयसोअमाइल अल्कोहोल घालावे, नाहीतर औषध काचेलाच चिकटते. जोरात हलवले तर दुधाळ फेस होऊन थर सुटत नाहीत. तेव्हा सेंट्रिफ्यूज करावे. औषध न घेतलेल्या माणसाची लघवी याच पायऱ्यांतून नेऊन ब्लँक, म्हणजे तुलनेसाठीचा औषधाविना नमुना, करावा. तरीही सल्फॉक्साइडसारखी रूपांतरे त्या वाचनात मिसळतात, म्हणून आकडा अंदाजाचाच मानावा.

रक्तात ही रीत तोकडी पडते. प्लाझ्मात मिलीलिटरला 100 नॅनोग्रॅम औषध असले, तर तेवढ्याचे शोषण जेमतेम 0.009 भरते, तिथे एचपीएलसीच (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी द्रव क्रोमॅटोग्राफी) लागते.