अवलोकितेश्वर : ‘ईश्वर’ की ‘स्वर’?

मंगेश, नागेश, सप्तकोटेश्वर ही नावे गोमंतकीयाच्या रोजच्या तोंडातली. त्यामुळे करुणेचा बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवर असून इतरांना तारणारा, अवलोकितेश्वर हे नावही आपल्याला परके वाटत नाही. पण त्यातला ‘ईश्वर’ मुळातला आहे का, यावर जुना वाद आहे.

सद्धर्मपुंडरीक सूत्र या महायान बौद्ध ग्रंथाच्या मध्य आशियात सापडलेल्या जुन्या संस्कृत पानांवर ‘अवलोकितस्वर’ असे रूप आहे. इ.स. 406 च्या चिनी भाषांतरातले नावही ‘जगाचा आवाज जाणणारा’ अशाच अर्थाचे. सातव्या शतकात भारतात राहून गेलेल्या चिनी यात्रेकरूने ते चूक ठरवले आणि ‘ईश्वर’ उचलून धरला. संस्कृतात तेच रूढ झाले. यामागे शैव प्रभाव असावा, असे काही अभ्यासक मानतात. मला ‘स्वर’च पटतो. त्या सूत्रातला बोधिसत्त्व सत्ता गाजवत नाही, तो हाक ऐकतो. वादळाने भरकटलेल्या गलबतावर एकाने जरी त्याचे नाव घेतले, तरी सगळे वाचतात, असे तिथे म्हटले आहे. देवापुढे गाऱ्हाणे घालणाऱ्या आपल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

औरंगाबादच्या 7 व्या लेण्यात हेच दगडात कोरले आहे. मधोमध बोधिसत्त्व उभा, दोन्ही बाजूंना चार-चार संकटे: आग, तलवार, बेड्या, सिंह, साप, हत्ती. त्यांतच एक बुडते गलबत. कान्हेरीच्या 90 व्या लेण्यातही हा विषय आहे. घाट उतरून बंदर गाठणाऱ्या व्यापाऱ्यांची भीतीच ती.

गोव्यातला पुरावा तुटक आहे. 1930 साली कोलवाळच्या मुशीर भागात बुद्धमूर्ती मिळाली, ती मुंबईला गेली. रिवण, लामगावची लेणी बौद्ध मानली जातात. हरवळ्याच्या लेण्यांत शिवलिंगे आहेत. ही लेणी मुळात कोणाची, यावर एकमत नाही. इथेही ‘ईश्वर’च उरला.

पुढे चीनमध्ये या बोधिसत्त्वाला स्त्रीरूप मिळाले, तिबेटात दलाई लामा त्याचेच रूप मानले गेले. 1956 च्या धम्मदीक्षेने मराठी बौद्धांना वेगळी वाट दिली. बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यायची आहे. संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाची आराधना तिथे नाही. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द मात्र टिकला. जयंतीच्या फलकावर तो बाबासाहेबांच्या नावाआधी लिहिलेला असतो.